बदललेला धडा

रविवारी चहा झाला की वैजूचा बाप आश्रुबा फोन ओट्यावर ठेवायचा आणि आवाज मोठा करायचा. आरोग्य केंद्राने बारा वर्षांवरच्या मुलींच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या होत्या. अंगातल्या उष्णतेवरून पट्टी पाळी ओळखायची आणि त्याप्रमाणे दर रविवारी घरच्या फोनवर आरोग्याचा बोलता धडा यायचा. धडे मुलींसाठी, पण कान टवकारून ऐकायचे ते बाप! पाळी सुरू झाल्याचा धडा आला की पोरीचं लग्न उजवायचं आणि तिला नवऱ्याच्या जोडीने ऊसतोडीला धाडायचं, हे गावात ठरूनच गेलं होतं. धडे पाठवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

वैजूला मात्र पक्कं ठाऊक होतं. तिला शाळा सोडायची नव्हती. म्हणून पहिला डाग दिसला त्याच दिवशी तिने आपली पट्टी धाकट्या चिमीच्या मनगटाला बांधली. चिमी अकरा वर्षांची.

"बाही खाली ठेव. कुणाला सांगितलंस तर बघ."

चिमीला दागिना मिळाल्याचा आनंद झाला. पट्टी वैजूच्या नावावर, अंग चिमीचं, म्हणून फोन बापडा जुनंच आळवत राहिला: घाबरू नका, पाळी येईल. पुढचे धडे वैजूला मिळालेच नाहीत. पत्र्याआड लपवलेल्या ओलसर चिंध्या वापरून तिच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या, पण सांगायचं कुणाला?

त्या रविवारी फोन वेगळंच बोलला.

"वैजयंता, तुझी पाळी सुरू झाली आहे. कपडा साबणाने धू, कडक उन्हात वाळव. खाज सुटली, आग झाली तर लपवू नकोस."

वैजूला धडकी भरली, तरी ती शब्दन्‌शब्द ऐकत राहिली. हे आपल्याला आधी कळायला हवं होतं, या विचाराने तिला रडूच आलं. मग तिने चिमीकडे पाहिलं. पोरगी सकाळपासून पोट धरून गोधडीत पडली होती.

आश्रुबा उठला. "मुकादमाला सांगून येतो. त्याच्या पाहण्यात पोरगा हाय."

डोळे पुसताना वैजूची बाही वर सरकली. आईने तिचं मोकळं मनगट पाहिलं.

"पट्टी कुठाय गं तुझी?"

खरं सांगावं, तर दोघी बहिणी एकाच मांडवात उभ्या राहणार.

"धुणं धुताना काढली," वैजू म्हणाली. "पाळी माझीच हाय."

ती चिमीच्या गोधडीत शिरली. चिमी कुजबुजली, "ताई, मी मरनार का गं?"

"नाही मरत. गप पड."

तिने चिमीच्या हातातली पट्टी हळूच सोडवली. पुढच्या वर्षी चिमीला स्वतःची पट्टी मिळणार होती. घरात तिच्याहून धाकटं कुणी नव्हतं. मग ती पट्टी कुणाच्या हाताला बांधायची?