चाळीस रुपयांचं ऊन

ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा आकडा किमयाने तीनदा वाचला. 'अवकाशातली वीज : एक युनिट, चाळीस रुपये.' तारेवरची नेहमीची वीज आठ रुपयांना मिळत होती.

"आजोबा, लिहिताना चूक झाली असेल ना?"

"नाही गं. हिशेब बरोबर आहे," यशवंत आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. अवकाशात सौरमंच (सूर्यप्रकाश गोळा करणारा प्रचंड उपग्रह) उभारणाऱ्या अभियंत्यांत ते होते. हा मंच सूक्ष्मलहरींच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींच्या) रूपात ऊर्जा ढगांतूनही खाली पाठवायचा. खाजणावर (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर) पसरलेली तारांची जाळी ती झेलून तिची वीज करायची.

गेल्या वादळात तारा तुटून गाव अकरा दिवस अंधारात होतं आणि आईच्या शीतगृहातली सगळी मासळी कुजली होती. आता रविवारच्या ग्रामसभेत लोक ही नवी वीज नाकारणार, हे उघड होतं.

"पण ऊन तर फुकट असतं!"

"ऊन फुकट, मंच नाही. तो वर नेण्याचा, सांभाळण्याचा खर्च रोज साठ हजार रुपये पडतो. हा स्थिर खर्च. म्हणजे वीज वापरा, नाहीतर वापरू नका, तो होतोच. खाडी ओलांडणाऱ्या होडीत एक माणूस बसला काय किंवा वीस बसले काय, डिझेल जवळपास तेवढंच लागतं."

"आपलं गाव किती वीज वापरतं?"

"रोज दीड हजार युनिट."

किमयाने भागाकार केला. चाळीस. मग तिने विचारलं, "आणि मंच किती देऊ शकतो?"

"पंधरा हजार."

किमयाने पुन्हा भागाकार केला. दहातले नऊ भाग वाया जाणार होते.

"खाडीकाठच्या बाकीच्या, आपल्याएवढ्याच नऊ गावांना का नाही देत?"

"विचारलं होतं. दर उतरला की येऊ, म्हणाले."

"पण ते आल्याशिवाय दर उतरणारच नाही!"

किमयाने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं : 'दहाही गावं आली, तरच आम्ही येऊ. एकही कमी असेल, तर हा कागद रद्द.'

"यावर सही करायला कुणाला भीती वाटेल?" तिने विचारलं.

आजोबांनी कागद दोनदा वाचला. "तीस वर्षं मी दर कसा उतरवायचा याचा विचार करतोय," ते हळूच म्हणाले. "हे मला सुचलं नाही."

त्या आठवड्यात आईने होडी काढली. तिघं गावोगाव फिरली. आठ गावांनी सही केली, नवव्याच्या सरपंचबाईंनी नाही. त्या म्हणाल्या, "आकाशातून येणाऱ्या लहरींनी आमची पोरं भाजतील."

आजोबांनी त्यांना थेट जाळीखाली नेलं. तिथे गवत हिरवंगार होतं आणि बगळे निवांत किडे टिपत होते. "लहरी एवढ्या विरळ असतात की दुपारचं ऊन त्याहून तिखट," ते म्हणाले. बाई बराच वेळ जाळीखाली उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी पेन मागितलं. रविवारी किमयाच्या गावाच्या ग्रामसभेनेही त्याच कागदावर सही केली.

नव्या तारा जमिनीखालून नेल्या. त्यांचा खर्च धरून दर पाच रुपये ठरला. फळ्यापुढे जमलेले लोक पहिल्यांदा आकड्यावर विश्वासच ठेवेनात.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वादळ आलं, पण शीतगृह सुरूच राहिलं. त्यानंतर दूरच्या डोंगराळ तालुक्यातून किमयाच्या नावाने पत्र आलं : 'आम्ही बत्तीस पाडे आहोत. एका मंचाला पुरेसे आहोत का?'

आजोबांनी चष्मा पुसला. किमयाने वही उघडली आणि उत्तराचं पहिलं वाक्य लिहिलं : 'तुम्ही रोज किती युनिट वापरता?'