दोघांनी सरकवलेलं रोप

"काय करताय तुम्ही?"

मागून आवाज आला तेव्हा सायकलवालीच्या एका हातात टायर काढायची पट्टी होती आणि दुसऱ्या हातात मातीच्या गोळ्यासकट उपटलेलं रोप. मुद्देमालासह पकडलं गेलं की माणूस निदान ओशाळतं तरी. ही कसली ओशाळतेय!

"दिसत नाही? रोप सरकवतेय."

"म्हणजे रोज ते... तुम्ही?"

"आणि रोज ते परत जागेवर आणून लावणारे तुम्ही? मला वाटलं, कुणी खडूस म्हातारा असेल."

"खडूस आहे," तो म्हणाला. "म्हातारा व्हायला वेळ आहे अजून."

तिला हसू आलं. ते तिनं ओठांतच दाबलं, पण डोळ्यांतून सांडलंच.

वस्तीत त्याला सगळे झाडवाला म्हणत. शेजारी नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती आणि तिची धूळ नि आवाज घरांपर्यंत येऊ नयेत म्हणून कडेनं झाडांचा पट्टा लावायचं काम त्याच्याकडे होतं. झाडं झाली की मागून कुंपण. काम चांगलंच होतं, फक्त वस्तीतून कारखान्यांकडे जाणारी पायवाट नेमकी त्या पट्ट्याखाली जात होती. त्या वाटेनं कामगार सायकलवरून जायचे, आणि वाटेच्या तोंडाशीच हिचं सायकलदुरुस्तीचं दुकान. वाट बंद झाली तर मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत सायकल कोण घालणार? दुकान बसलंच म्हणायचं. वडिलांच्या मागे ती आणि आत्या त्याच दुकानावर उभ्या होत्या.

"इतका राग होता, तर उपटून फेकून का नाही दिलंत?"

"अहो, त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

झालं. या एका वाक्यात झाडवाला कामातून गेला.

रोप सरकवणं मात्र दोघांनीही सोडलं नाही. ती जिद्दीनं वाटेवरून काढायची, तो नकाशाप्रमाणे परत लावायचा, आणि त्या निमित्तानं रोज सकाळी भांडण व्हायचं. भांडणाला दोघंही जरा लवकरच पोचायला लागली. मग त्यानं कुठूनशी एक जुनी सायकल पैदा केली. ती सारखी बिघडायची.

"काय गं," आत्या आतून विचारायची, "ह्यांच्या सायकलला खिळे वेचायची हौस आहे, की ह्यांना?"

तो लाल व्हायचा. ती ट्यूब पाण्यात बुडवून उगाच बुडबुडे शोधत बसायची.

आणि एका भुरभुर पावसाच्या सकाळी दोघं पोचली तर रोपानं मान टाकलेली. पानं गळून काडी उरलेली.

"आपणच मारलं याला," ती हळूच म्हणाली. "दोघांनी मिळून."

"जागा ठरवायला हवी होती... आपण. बसून."

तिनं वर पाहिलं. तो रोपाबद्दलच बोलत होता बहुतेक. पण कान का तापले होते त्याचे?

तिनं ती काडी फुटक्या बादलीत लावली आणि दुकानात ठेवून दिली.

कुंपणाच्या आधी वसाहतीचे मोठे साहेब वस्तीशी बोलायला आले. झाडवाला उभा राहिला. "साहेब, वाट राहू द्या. सरळ नको, वळणावळणाची करू, दोन्ही कडांना झाडं लावू. धूळही अडेल, माणसंही जातील."

"आणि वाट उघडी ठेवल्यावर ती झाडं राखणार कोण?"

प्रश्न रास्त होता. मग सायकलवाली उठली. "आम्ही राखू. घरटी एक झाड. माझ्या दुकानात हवा फुकट, पण आधी आपल्या झाडाला बाटलीभर पाणी घालून यायचं."

"साहेब, द्या हिच्यावर सोपवून," आत्या म्हणाली. "एका रोपासाठी ही रोज अंघोळीआधी पळायची. आता रोपासाठीच का, ते मला विचारू नका."

सगळी सभा हसली. साहेबही. "ठीक आहे. उन्हाळ्यानंतर झाडं उभी दिसली तर वाट राहील. नाहीतर कुंपण."

तो उन्हाळा वस्तीनं बाटल्यांवर काढला. सायकलींच्या दांड्यांना बाटल्या लटकलेल्या, आणि "तुझं झाड सुकतंय बघ" ही वस्तीतली सगळ्यात मोठी शिवी झाली. दुपारच्या उन्हात झाडवाला नि सायकलवाली झाडांभोवती आळी करत फिरायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

साहेब आले, वाटेनं चालत गेले, चालत परत आले. "इथे फाटक लावा," म्हणाले. "कुलूप नको."

त्याच संध्याकाळी तो फावडं घेऊन दुकानात आला. बादलीतल्या काडीला कोवळी पोपटी पानं फुटली होती.

"हे कुठे लावायचं?"

"तू सांग."

"मी सांगितलं की तू सरकवणार."

"नाही सरकवणार."

तो थबकला. "मग... दुकानासमोर? सावली होईल. खाली बाक टाकू. दोघांना बसता येईल असा."

"दोघांना म्हणजे मला आणि आत्याला?"

"नाही," तो म्हणाला, आणि या खेपेला त्यानं नजर खाली घातली नाही. "तुला आणि मला. मी म्हातारा होईपर्यंत."

तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि दुकानासमोरच्या मातीत पहिला घाव घातला.

"खोल खण गं!" आतून आत्या ओरडली. "आणि बाकावर माझी जागा धरू नका, मी आतच बरी आहे!"