तिसरा सुरुंग

आमच्या घरात मोठी परात एकच. सालोमी तिच्यात तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ मळते आणि मी तिच्यात पाणी भरून ती जमिनीवर ठेवतो. या एका परातीवरून आम्हा नवराबायकोची जितकी भांडणं झाली, तितकी मुलींच्या लग्नांवरूनही झाली नाहीत.

पाणी कशाला, ते सांगतो. किल्ल्याला वेढा पडला की बाहेरची माणसं तटाखाली भुयार खणत येतात, त्यात दारू भरतात आणि तट उडवतात. म्हणून आतले लोक तटाच्या पायथ्याशी पाण्याने भरलेली पसरट भांडी घेऊन बसायचे. जमिनीखाली कुदळ पडली की वर पाण्यावर वलयं उठतात. वलयं कुठे दाट होतात ते पाहत गेलं की भुयार सापडतं. पहाऱ्यावर बसणाऱ्याला नियम एकच, आपण आवाज करायचा नाही. पाय आपटायचा नाही, खोकायचंही नाही. आपण त्यांचा कानोसा घेतो तसा तेही आपला घेत असतात. शाळेत हे शिकवताना मी पोरांना बाक ठोकायला लावायचो आणि परात दाखवायचो. त्या तासाला कोणी झोपत नसे.

मी कॉन्रॅड तुस्कानो, निवृत्त मास्तर. विषय इतिहास, त्यातही लढाया. घर वसई किल्ल्याच्या उत्तरेला, केळीच्या वाडीत. रोज सकाळी टेप आणि छत्री घेऊन तटाकडे जायचं, मोजमापं घ्यायची आणि दुपारी ती नकाशावर उतरवायची, एवढाच माझा उद्योग. छत्री उन्हासाठी नाही, कुत्र्यांसाठी. मी मराठ्यांच्या वेढ्यावर लिहितो, म्हणून चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोक विचारतात, "मास्तर, आपलं सोडून त्यांचं कशाला लिहिता?" पुण्यात विचारतात, "तुस्कानो म्हणजे तुम्ही आतले ना?" चहा मात्र दोन्हीकडे चांगला मिळतो.

मला आतल्यांचं पडलेलं नाही आणि बाहेरच्यांचंही नाही. मला भुयारातल्यांचं पडलं आहे. सुरुंग लागले, तट पडला, किल्ला सर झाला, हे शाळेतली पोरंही सांगतात. माझं म्हणणं असं, की आणखी एक भुयार होतं. आमच्या वाड्यांखालून निघालं आणि वाटेत ढासळलं. आत खणणारी माणसं होती. वर विजयाची धामधूम चालली होती, त्यांना उकरून काढायला कोणी आलं नाही आणि पुढे त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द लिहिला नाही. मी अख्खं प्रकरण लिहिलं. त्याला मी 'तिसरा सुरुंग' असं नाव दिलं होतं.

पुण्याचं एक मंडळ या वेढ्यावर ग्रंथ काढत होतं. ते प्रकरण त्यात यावं एवढीच माझी इच्छा होती. सत्तरी जवळ आली होती, दुसरी संधी मिळणार नव्हती. संपादक दिवाकर सहस्रबुद्धे घरी येऊन गेले. सालोमीने केलेली भजी आवडीने खाल्ली, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "मास्तर, तळटीप देऊ. प्रकरण नाही देता येणार. पुरावा कुठाय?"

"जमीन खचलीय, सरळ रेषेत. चला, दाखवतो."

"वसईत जमीन कुठे खचत नाही?" असं म्हणून ते गोड हसले. त्यांचं ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

ते गेल्यावर मी रागाने परात भरली आणि वाडीत नेऊन ठेवली. पुरावा हवा ना, घ्या. कशाचीही अपेक्षा नव्हती. म्हाताऱ्या माणसाने रागात काय करायचं असतं?

पाण्यावर एक वलय उठलं, काठाला लागून विरलं. थोड्या वेळाने दुसरं.

मी काही भोळसट माणूस नाही. रस्त्यावरचे ट्रक, किनाऱ्यावरचा वारा, शेजारच्या वाडीतला पंप, सगळं धरून पाहिलं. शुक्रवारी दिवसभर वीज नव्हती. त्या दुपारी मी शेजारी हरिश्चंद्र चौधरीला हाक मारली. आम्ही एकत्र शाळेत गेलेले. त्याची पानवेल आणि माझी केळी यांच्यात फक्त एक कुंपण आहे.

"तुझा पंप चालू आहे का?"

"वीज नाय तर पंप कसला चालतो मास्तर?" तो उकिडवा बसला. वलय उठलं, विरलं. मध्ये माणसाला श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ जाई. हरिश्चंद्र एरवी माझी टर उडवल्याशिवाय राहत नाही. "मास्तर, तुम्ही कोनाच्या बाजूचे, परातीच्या?" हा त्याचा ठरलेला विनोद. त्या दिवशी त्याने तो केला नाही.

"हे पानी ओतून टाका," तो म्हणाला. "आनि वहिनींची परात त्यांना देऊन टाका."

मी ओतलं नाही. परात पुढे सरकवत गेलो. वलयं एका रेषेवर दाट होत होती आणि ती रेषा माझ्या नकाशावरचीच होती, वाडीतून थेट किल्ल्याकडे जाणारी. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका आनंद मला थोरल्या विनीच्या जन्माच्या वेळी झाला होता. तिथे खाली कोण आहे आणि इतक्या वर्षांनी कसं आहे, हा प्रश्न मला पडलाच नाही. दिवाकररावांचा चेहरा कसा होईल, एवढंच डोळ्यांपुढे होतं. मी पोस्टातून त्यांना फोन लावला आणि येत्या गुरुवारी यायचं कबूल करून घेतलं.

बुधवारी पाणी मेलं.

वाडीत ठेवलं, कुंपणापाशी ठेवलं, शेवटी घरात माजघरात आणून ठेवलं. परातीत छताचे वासे स्वच्छ दिसत होते, एक वासासुद्धा हलत नव्हता. उद्या तो माणूस येणार, भजी खाणार आणि पुन्हा हसणार. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. कोपऱ्यात पहार उभी होती. जो नियम मी तीस वर्षं पोरांना शिकवला तो मला चांगला ठाऊक होता. तरी मी पहार उचलली आणि जमिनीवर ठोकली. दारावर थाप मारतात तशी. दोनदा सावकाश, मग एकदा घाईने.

स्वयंपाकघरातून सालोमीने हाक दिली, "या, दार उघडंच आहे." दार वाजलं की चुलीपुढून न उठता ती हेच म्हणते, मग येणारा फादर असो की मासळीवाली. मला हसू आलं.

पाणी हललं नाही.

गुरुवारी दिवाकरराव आले. परातीपुढे खुर्ची टाकून बराच वेळ बसले. या वेळी हसले नाहीत, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते जास्त वाईट होतं. निघताना सालोमीला हळूच म्हणाले, "मास्तरांना जरा विश्रांती द्या." मी सगळं ऐकलं.

ते फाटकाबाहेर पडले आणि परातीत वलय उठलं.

आता वलयं लवकर लवकर येत होती. मी परात घेऊन जुन्या रेषेवर गेलो तर तिथे काहीच नाही. रेषा वळली होती. कोणीतरी किल्ल्याकडे जाणं सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती केळीच्या मधोमध होती, मग विहिरीपाशी, मग पडवीच्या पायरीशी. हरिश्चंद्रच्या बावखलाचं, म्हणजे वाडीला पाणी देतात त्या तळ्याचं, पाणी तांबडं झालं आणि उतरलं. तो कुंपणाशी उभा राहून माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा.

एका सकाळी सालोमी म्हणाली, "करंजेलाचा दिवा कोणी लावलाय? वास येतोय." आमच्या घरात करंजेल कधीच नव्हतं. भुयारात उजेडासाठी काय जाळत असतील, हे मी माझ्या प्रकरणात लिहिलं होतं. निव्वळ अंदाजाने.

"चल, विनीकडे नायगावला जाऊ," मी म्हणालो.

"लग्न झाल्यापासून म्हणतेय मी, कुठे तरी नेऊन आणा. तेव्हा तुम्हाला तुमचा किल्ला होता." तिने पदर खोचला. "आता माझे गुडघे चालत नाहीत. तुम्ही जा."

तिला सोडून मी कुठे जाणार? तिच्या मनात जे साचलं होतं ते खरंच होतं. आणि खरं कारण सांगायला तोंड नव्हतं.

वलयं माजघरात आली. जिथे मी पहार ठोकली होती, बरोबर तिथे.

मग थांबली.

मी दिवसभर परातीपुढे बसलो. पाणी काचेसारखं. दुसऱ्या दिवशीही तसंच. सालोमी खूश झाली. पाणी ओतून तिने परात घासली आणि स्वयंपाकघरात नेली. "सुटली एकदाची," म्हणाली.

मी तिला सांगितलं नाही. भुयारातलं खणणं दोनच कारणांनी थांबतं. दारू भरायची वेळ झाली म्हणून, नाही तर माणसं पोहोचायचं तिथे पोहोचली म्हणून. ती वरचं सगळं उडवून देणार आहेत की हात पुढे करणार आहेत, हे वरच्याला कळायला मार्ग नसतो.

खाली बसून मी जमिनीला तळवा लावला. जमीन गार होती.

आत सालोमी भाकरीचं पीठ मळत होती. परातीवर तिच्या बांगड्या वाजत होत्या. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. दार सताड उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं.

तळव्याखाली थाप पडली.

सावकाश. पुन्हा सावकाश. मग एक घाईची.

मी ओरडणार होतो. त्याआधी बांगड्या थांबल्या आणि सालोमीने चुलीपुढून, न उठता, नेहमीच्या आवाजात हाक दिली.

"या, दार उघडंच आहे."