सहा हात दोर

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा, शिरवण्याजवळच्या एका नव्या बागेत माळी होता. गेल्या पावसाळ्यात लावलेली चाळीस झाडं जगवली तर नोकरी पक्की, असं ठेकेदारानं सांगितलं होतं. नोकरी राहिली तरच सात महिन्यांचा नातू शिवतेज इथे जवळ राहणार होता, नाहीतर त्याला गावी धाडावं लागणार होतं. आणि शिवतेजशिवाय सयाजीला घास गोड लागत नसे.

बागेत एक काळा बोकड रोज यायचा. नुसती पानं खाल्ली असती तर सयाजीनं पोटात घातलं असतं, पण हा खोडाची साल सोलायचा. साल चहूबाजूंनी कडं करून गेली की झाड वरून हिरवं दिसतं, पण ते संपलेलं असतं. सयाजीनं शेण-माती लिंपली, गोणपाट गुंडाळलं. बोकडानं गोणपाटासकट सोललं.

शेवटी एका शनिवारी सयाजीचं डोकं फिरलं. ठेकेदाराला दाखवायचं म्हणून त्यानं बोकडाला सोललेल्या करंजालाच सहा हात दोरानं बांधलं. ठेकेदार आला नाही. संध्याकाळी शिवतेजला डोस द्यायला न्यायचं होतं. त्या घाईत बोकड मनातून गेला तो गेलाच. रविवारी सुट्टी होती. सोमवारी पाहिलं तर बोकड उन्हात मरून पडला होता. करंजाभोवती सहा हातांपर्यंत गवताची काडी उरली नव्हती, सगळं नीट गोल. सयाजीला फार वाईट वाटलं. त्यानं खड्डा खणून बोकडाला पुरलं. दोर नवा होता, तो धुऊन घरी नेला.

त्यानंतर बागेतल्या झाडांना कुणी तोंड लावलं नाही. सयाजीचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा दारातल्या शेवग्याची साल गेली होती. खोड ओलं होतं. मागच्या पेरूचीही तीच गत. त्याच्याच पलीकडची जास्वंद मात्र शाबूत होती. माळ्याच्या सवयीनं त्यानं अंतर हातांनी मोजलं. शेवग्यापासून सहा हात धरले तर खोलीच्या मधोमध येत होतं. पेरूपासून धरले तरी तिथंच.

घरमालकीण चंदाबाय ओट्यावरून बघत होती. ती मूळची शिरवण्याचीच.

"माली, काला बोकर दिसला का कुठं? पाच दिस झाले, आला नाय."

सयाजीला खोटं बोलता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. चंदाबायचा चेहरा उतरला.

"त्यो देवीचा हाय... माझा प्रितेश तान्हा व्हता, तापानं पार गेला व्हता. तवा त्याच्या जिवाच्या बदल्यात सोरला. त्याला कोनी बांधत नाय."

"मला ठावं नव्हतं, बाय."

"दोर कुठं हाय?" तिनं हळूच विचारलं. "तूच बांधलास... तूच सोर."

सयाजी आत गेला. खोलीच्या मधोमध, वाशाला शिवतेजची झोळी टांगलेली होती. झोळीचा दोर नवा होता.

"जुना कुजला व्हता," त्याची बायको राजाबाई म्हणाली. "तुमी आणलेला बरा वाटला, म्हणून सोमवारीच बदलला."

त्यानं एका हातानं नातवाला उचललं आणि दुसऱ्या हातानं गाठ सोडवली. ती लगेच सुटली. दोर खाली पडला. पोर शांत होतं, अंगाला ताप नव्हता. फक्त त्याचं तोंड हलत होतं, खालचा जबडा आडवा, सावकाश.

"सकाळधरनं असंच चाललंय..." राजाबाई पुटपुटली. "दूध घेत न्हाय."

दात अजून एकही आला नव्हता. सयाजीनं बोट घालून पाहिलं आणि तोंडातून वीतभर लांब, ओली साल ओढून काढली. शेवग्याची नव्हती, पेरूचीही नव्हती. करंजाची होती.

शिवतेजनं हात पुढे केला. ती त्याला परत हवी होती.