बातमीखालची ओळ

सभागृहात एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून ती तिथे जाऊन बसली. आता त्या खुर्चीच्या पाठीवर रंगानं 'वार्ताहर' असं लिहिलंय आणि ती बाजू नेमकी भिंतीकडे आहे, हे तिला कसं कळावं? आयुष्यात पहिल्यांदा नगरपालिकेच्या सभेला आली होती बिचारी.

आली होती तीही काळजीनं. नगरपालिकेच्या तलावावर ती पोहायला शिकवायची. त्याच तलावात ती स्वतः पाच वर्षांची असताना शिकली होती. परवा सूचनाफलकावर सभेचा कागद लागला आणि त्यात अकरावा विषय होता: 'जलतरण तलावाच्या जागेचा अन्य उपयोग.' अन्य म्हणजे काय, कुणी सांगेना. तलाव गेला तर साठ पोरं, गुडघेदुखीवाल्या आज्यांची सकाळची बॅच आणि तिची नोकरी, सगळंच गेलं. तेव्हा म्हटलं, आपणच जाऊन बघावं.

पण बसल्यापासून काहीतरी विचित्रच चाललं होतं. शिपायानं पहिला चहा अध्यक्षांच्या आधी तिला आणून दिला. एकमेकांवर खेकसणारे दोन सदस्य तिला बघून एकदम "आपलं म्हणणं रास्त आहे" वगैरे बोलायला लागले. वेळ जावा म्हणून तिनं पोरांच्या हजेरीची वही काढली, तर अध्यक्षांनी केसांवरून हात फिरवला. अरेच्चा! तिनं पेन टेकवलं की भाषा मऊ व्हायची, पेन उचललं की परत आवाज चढायचा. तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

तेवढ्यात एक तरुण धापा टाकत आला आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. कोपरापर्यंत शाई, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

"ती... माझी खुर्ची आहे," तो कुजबुजला.

"तुमचं नाव लिहिलंय का तिच्यावर?"

"नाव नाही, धंदा लिहिलाय. मागे."

तिनं मान वळवून वाचलं आणि कानापर्यंत लाल झाली. "उठू?"

"छे छे, अजिबात नको! तुम्ही नव्या आहात म्हणून आज फार गोड वागतायत सगळे." मग त्यानं वाकून तिच्या वहीतला एका पोराच्या नावापुढचा शेरा वाचला. "'तोंड बंद ठेवायला अजून शिकला नाही, म्हणून पाणी पितो...' हे अध्यक्षांबद्दल आहे?"

ती अशी काही फिस्सकन हसली की सगळी सभा वळून बघायला लागली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि अकरावा विषय पुढच्या सभेवर ढकलला. तिचा जीव भांड्यात पडला, निदान महिन्यापुरता तरी.

बाहेर पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलंच. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. "दर महिन्याला येता तुम्ही? कंटाळा नाही येत?"

"येतो की. जांभया दाबून दाबून जबडा दुखतो."

"मग कशाला येता?"

"एकदा तापानं झोपून होतो, म्हणून नाही आलो. त्या दिवशी चौदा विषय अकरा मिनिटांत मंजूर झाले. तेव्हापासून कानाला खडा. मी करत काहीच नाही हो... नुसता बसतो."

*नुसता बसतो.* घरी जाईपर्यंत हे दोन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. आणि ते बोलताना तो जे ओशाळं हसला होता, तेही.

घरी आत्या होती. तो ज्यात लिहायचा तो गावचा चार पानी पेपर दर शुक्रवारी यायचा आणि आत्या तो शेवटच्या पानापासून वाचायची. त्यात सगळं असायचं. कोण वारलं, कुणाचा कुत्रा हरवला, कुठल्या गल्लीत दिवे नाहीत, आणि सभेत कोण काय म्हणालं. इतकी वर्षं तिनं त्याच्यात फक्त चपला गुंडाळल्या होत्या. त्या शुक्रवारी मात्र ओळन् ओळ वाचली आणि एका बातमीखाली बारीक अक्षरात तिला सापडलं: 'सदर रस्त्याचे कंत्राटदार वार्ताहराचे सख्खे मामा आहेत. वाचकांनी नोंद घ्यावी.'

"आत्या, हे काय गं?"

"संपादकबाईंचा नियम आहे तो. ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याशी तुमचं काही असेल, तर खाली तसं सांगायचं. नाहीतर बातमी छापायचीच नाही. मामा दोन वर्षं बोलत नाही त्याच्याशी." आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तुला कशाला एवढी चौकशी?"

"सहज," ती म्हणाली. आत्याला ते काडीचंही पटलं नाही.

दोन दिवसांनी तो तलावावर हजर. पोरं किती, बॅच किती, सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आला.

"आता काय?"

"खोली विचारायची राहिली."

"पाटी लावलीय. तुमच्या डोक्यामागे."

"वा. म्हणजे तुमच्याकडेही महत्त्वाचं मागेच लिहितात."

तिसऱ्या दिवशी आला तो टॉवेल घेऊन. आणि गंमत म्हणजे हा एवढा दांडगा माणूस, अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवणारा, कमरेएवढ्या पाण्यात लटलटा कापत होता! तिनं दोन्ही हात पुढे केले. "धरा. मी सोडणार नाही."

"नक्की?"

"सांगून सोडीन."

त्यानं हात धरले. त्याच्या नखांतली शाई आठ दिवस पाण्यात राहूनही निघाली नाही, आणि तिलाही ती निघावी असं वाटेना. महिनाभर रोज संध्याकाळी तो यायचा, नाकातोंडात पाणी घ्यायचा आणि हसायचा. ती त्याला शंभर प्रश्न विचारायची. बातमी कोण ठरवतं? खोटं लिहा म्हणून कुणी धमकावलं तर? रात्री झोप लागते का? तो प्रत्येकाचं उत्तर द्यायचा, अगदी विचार करून. आपल्याला हा माणूस फार आवडायला लागलाय, हे तिला एके दिवशी पायऱ्यांवर ओले केस पुसताना कळलं. चांगलीच पंचाईत झाली.

सभेच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "लिहाल ना आमच्या बाजूनं? तलाव राहिलाच पाहिजे, असं?"

"नाही."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

"कुणी हात वर केला आणि कुणी नाही, तेवढं लिहीन. नावासकट. त्यापलीकडे एक शब्द नाही."

"म्हणजे तलाव राहिला काय, गेला काय, तुम्हाला सारखंच?"

"मला सारखं नाही. पण पेपरला..."

"मग इथे रोज कशाला येता हो तुम्ही?"

तो टॉवेलची घडी घालायला लागला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "उद्यापासून दुसऱ्या बॅचला या," म्हणून ती तरातरा निघून गेली. त्या रात्री ती जेवलीही नाही. आत्यानं पान झाकून ठेवलं आणि शहाणपणा करून काही विचारलं नाही.

सभेत तो त्याच्या खुर्चीवर होता. ती मागे दाराशी उभी राहिली. अकरावा विषय आला तशी अध्यक्षांनी घाई केली. "आवाजी मतदानानं घेऊ. होकार आहे ना सगळ्यांचा?"

बोलायची मुभाच नव्हती त्याला. त्यानं फक्त गुडघ्यावर एक मोठा कागद उलगडला. सतरा सदस्यांची सतरा नावं, आणि पुढे दोन रिकामे रकाने: हो, नाही. पेन उघडून तो वाट बघत बसला. नुसता बसला.

पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर सदस्यांनी तो कागद पाहिला. त्यांचा नातू तिच्याच बॅचला होता. ते खाकरले. "अध्यक्ष महाराज... हात वर करूनच घेऊया."

"हो हो, हातच," मागून दोघंतिघं म्हणाले.

तलाव बंद करायला हात वर झाले सहा. विषय पडला! पोरांच्या आया दाराशी टाळ्या पिटायला लागल्या. ती मात्र त्याच्याकडे बघत होती. तो मान खाली घालून एकेका नावापुढे खूण करत होता, आणि 'नाही'चा रकाना त्यानं बोट फिरवत तीनदा मोजला. तिला आपल्या बोलण्याची इतकी लाज वाटली की रडूच आलं. गर्दीतून वाट काढत ती पुढे पोचली, तोवर तो कागद घेऊन छापखान्याकडे पळाला होता.

शुक्रवारी आत्यानं पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर थांबली. "अगं ए... इकडे ये. बस आधी."

बातमी सहा ओळींची होती. सतरा नावं, एकही विशेषण नाही. आणि खाली, बारीक अक्षरात:

'सदर तलावावरील पोहण्याच्या शिक्षिका वार्ताहरास फार आवडतात. त्यांना हे अद्याप सांगितलेले नाही. वाचकांनी नोंद घ्यावी.'

वाचकांनी घेतली की नोंद! सकाळच्या बॅचच्या आज्या पाण्यात उतरायच्या आधीच खुदुखुदु हसत होत्या. ती बॅच कशीबशी संपवून तिनं ओल्या केसांनीच पेपरचं कार्यालय गाठलं. संपादकबाईंनी मान वर केली. कागदांच्या गठ्ठ्यामागे दोन लाल कान दिसत होते.

"तक्रार आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. सगळ्या गावाला आधी, आणि मला नंतर?"

गठ्ठ्यामागून आवाज आला, "बाई म्हणाल्या, ओळ नसेल तर बातमी नाही. आणि बातमी नसती तर नावं आली नसती... मग पुढच्या महिन्यात तोच विषय परत आला असता."

"ते ठीक आहे. पण बातमी अर्धवट आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूला विचारलंच नाहीत तुम्ही."

संपादकबाईंनी चष्मा काढून ठेवला. "खरंय त्यांचं. ही आपली चूक आहे. घे रे, त्यांचं म्हणणं लिहून घे. मी जरा चहाचं बघते." आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

त्यानं पेन उघडलं. "सांगा... काय लिहू?"

तिनं सांगितलं. लिहायला त्याला फार वेळ लागला, कारण एक हात तिनं धरून ठेवला होता आणि सोडायचा असेल तर सांगून सोडणार होती.

पुढच्या शुक्रवारी, पहिल्या पानावर, चौकटीत:

'दुरुस्ती: गेल्या अंकात पोहण्याच्या शिक्षिकांची बाजू घ्यायची राहून गेली. त्यांनाही वार्ताहर फार आवडतो. चुकीबद्दल दिलगीर आहोत. यापुढे तलावाच्या बातम्या संपादिका स्वतः लिहितील.'