दार नसलेली खोली

लालबागच्या चाळीतला मंडळाचा हॉल दुपारी रिकामाच असतो. कॅरम भिंतीला टेकवायचा, पंखा लावायचा, की तालीम सुरू. एकांकिका मुलींच्या अनुभवांवर होती. लिहिणारी, बसवणारी आणि निर्मातीही दर्शनाच. कॉलेजचं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही, असं तिनं मनाशी धरलेलं. अशा पोरीला चार गोष्टी सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सेट मिळेपर्यंत नाटकवाले जमिनीवर खडूनं खोली आखतात आणि दारापुरती फट सोडतात. कुणी भिंतीतून आरपार गेलं, तर त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हा तालमीचा कायदा.

घोडपदेवच्या अपूर्वाची गोष्ट दर्शनाची मैत्रीण श्रेया करत होती. घरच्यांनी अपूर्वाचा मोबाइल उघडून पाहिला आणि तिला खोलीत कोंडून घातलं होतं. दर्शनानं अपूर्वाला मुद्दाम बोलावलं आणि खोली आखायला लावली. अपूर्वानं वाकून चारही बाजू जोडून टाकल्या.

"अगं, दार कुठंय?"

"दार त्यांच्याकडे होतं, ताई. माझ्याकडे भिंतच."

दर्शना खूश झाली. असं बसून लिहिलं तर सुचतं का कुणाला? म्हणाली, असंच ठेवायचं. अपूर्वा मात्र तालीम बघायला थांबली नाही.

श्रेया रेघ ओलांडून आत गेली. प्रवेश असा रंगला की बाकीच्या दोघी पोरी डोळे पुसत बसल्या.

"चल, चहा आलाय," दर्शना म्हणाली.

श्रेया रेघेपाशी येऊन थांबली. "दर्शू, येता येत नाहीये."

"बास झाली ॲक्टिंग."

श्रेया हसली नाही. तिनं तळवा पुढे केला. तो रेघेवर, हवेतच टेकला. दाबून बोटं पांढरी पडली.

दर्शनानं बाहेरून हात घातला, तो सहज आत गेला. श्रेयाचं मनगट धरून ओढलं तर रेघेपाशी हाड आपटल्याचा आवाज झाला आणि श्रेया कळवळली. बाकीच्या दोघी कुणाला तरी बोलवायला बाहेर पळाल्या.

दर्शनानं ओल्या फडक्यानं रेघ पुसली. लादी लख्ख झाली. श्रेया तिथंच.

"अंधार होतोय गं," श्रेया म्हणाली. तिच्या तोंडावर खिडकीतलं ऊन पडलं होतं.

दर्शनानं अपूर्वाला फोन लावला. "तू बाहेर कशी आलीस?"

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग अपूर्वा म्हणाली, "दादाचं लग्न झालं. वहिनी घरात आली, तेव्हा मला सोडलं. कुणीतरी आत लागतंच, ताई."

आत श्रेया गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. दर्शनाला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण नाटक तिचं होतं. पोरीला आत उभं तिनंच केलं होतं.

तिनं पाऊल उचललं.

आत जायला काहीच आड आलं नाही. श्रेया उठली आणि तिच्या शेजारून बाहेर निघून गेली.

दर्शनानं हात पुढे केला. गार, खरखरीत भिंत लागली.

"श्रेया, मला काढ."

श्रेयानं डोळे पुसले. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून रेघ होती तिथं ठेवली आणि दर्शनाकडे पाठ करून बसली.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "शेजारी ऐकतात."