सतीच्या दगडाचे फोटो

पटलं तर घ्या, नाही तर हसा. दिवा मीच धरला होता, म्हणून सांगते.

इंदूर, मल्हारगंज. गिरणीला टाळं लागल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. भर दुपार.

गिरणी गेली आणि ह्यांचं बोलणंही गेलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भरवले तर दोन घास. हा माणूस असाच विझणार, मला रोज वाटायचं.

मग ह्यांचे मावसभाऊ अच्युतभावजी आले. जुन्या मूर्तींचे अभ्यासक. शेतात सापडलेला सतीचा दगड, कॅमेरा, कम्प्युटर, सगळं घेऊन.

"लक्ष्मीकांत भिया, गिरणीचे फोटो तूच काढायचास ना? चल, उठ!"

काम असं: कॅमेरा हलवायचा नाही. दर फोटोला दिवा नव्या बाजूने धरायचा. दगडाशेजारी काळा चकचकीत गोळा. त्यातल्या दिव्याच्या ठिपक्यावरून कम्प्युटरला उजेडाची दिशा कळते. मग तो सगळे फोटो जोडून झिजलेलं कोरीवकाम दाखवतो.

खिडक्यांना गोधड्या लावल्या. हे उठले. चक्क उठले!

"सुमन, दिवा खाली घे."

मी तर रडलेच.

संध्याकाळी पडद्यावर सपाट दगडातून हात उमटला. कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला, सतीची खूण असलेला.

मग मी फोटोतल्या गोळ्याकडे पाहिलं.

पहिल्यात नुसता दिव्याचा ठिपका आणि कॅमेऱ्याशी उभे हे.

पुढच्यात... ह्यांच्यामागे एक बाई.

त्याच्या पुढच्यात ती जवळ आलेली.

"वहिनी, तुम्हीच आहात की!"

"माझ्या हातात दिवा होता, भावजी. हिच्या हातात दिवा नाही."

भावजींचं हसू गेलं. "दगड परत नेतो."

"काम अर्धं आहे," हे म्हणाले. आणि दुसरी पोळी मागून घेतली.

मी ह्यांची दृष्ट काढली. मिरच्या विस्तवावर जळून काळ्या झाल्या...

ठसका कुणालाच लागला नाही.

दुसऱ्या दुपारी हे भांग पाडून तयार. माझ्यासाठी कधी पाडला नव्हता, असो. गोळ्यात चमकतात म्हणून मी बांगड्या उतरवल्या. सवाष्णीने असं करू नये, माहीत होतं. पण काम थांबायला नको होतं.

अंधार केला. आणि...

कॅमेऱ्यापाशी बांगड्या किणकिणल्या.

"अहो... तुमच्यामागे..."

"माहीत आहे," हे हसून म्हणाले. "दिवा धर."

दिवा खाली ठेवला असता, तर हे पुन्हा भिंतीकडे वळले असते.

मी धरला.

दगड परत गेला, हे आता दुसरे दगड टिपतात. पोटभर जेवतात. दिवा अजून मीच धरते.

गोळ्यात बघत नाही.